राख, जवस आणि चीज: न्यू इंग्लंडच्या खेड्यात कुठलं काम कोणाच्या हातात? (साधारण १७८०–१८४०)

टकळी

"जुन्या काळी पुरुष शेतात आणि बाई चुलीपाशी" हे वाक्य अमेरिकेतल्या जुन्या खेड्यांबद्दलही सर्रास फेकलं जातं. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर, मेन, म्हणजे न्यू इंग्लंड नावाच्या ईशान्य भागातल्या शेतघरांतली कामं नीट पाहिली तर हे वाक्य फार वेळ टिकत नाही. घरातली जवळजवळ कोणतीच वस्तू एकाच हाताने पुरी होत नसे. त्यामुळे कोण काय करी याची यादी करत बसण्यापेक्षा एकेक वस्तू धरून ती कुठे हात बदलते ते बघू. सुरुवात जवसापासून.

आपल्याकडे जवस म्हणजे चटणी आणि तेल. तिकडे तेच रोप कापडासाठी लावत. पेरणी मुद्दाम दाट, म्हणजे फांद्या न फुटता काडी सरळ उंच जाते. नांगरट आणि पेरणी पुरुषांची, एप्रिलअखेर ते मे. रोप चार बोटं वर आलं की निंदणी बायका-पोरांची. ती अनवाणी आणि वाऱ्याकडे तोंड करून करायची, म्हणजे पायाखाली वाकलेलं रोप वाऱ्याने पुन्हा उभं राहतं. साधारण शंभर दिवसांनी काडी खालून पिवळी पडली की पीक मुळासकट उपटायचं. कापलं तर धाग्याची लांबी फुकट जाते. वाळवायचं, मोठ्या दातांच्या फणीतून ओढून बोंडं काढायची, मग काडी कुजवायची.

कुजवण्यात सगळी मेख आहे. गवतावर पातळ पसरून दवावर दोन-तीन आठवडे, मधे एकदा उलटून. किंवा साचलेल्या पाण्यात, तिथे काम आठवड्याच्या आसपास उरकतं पण वास असह्य. कमी कुजलं तर आतलं काष्ठ धाग्याला चिकटून राहतं आणि किती झोडलं तरी सुटत नाही. जास्त कुजलं तर धागाच कुजतो आणि फणीत तुकडे होतात. काडी वाकवून पाहायची: आतलं लाकूड काडकन मोडून धागा अखंड राहिला की झालं.

पुढे ब्रेक, म्हणजे काडी मोडायचं अवजार. लाकडी पात्यांचा जबडा, वरचा जबडा मुठीने उचलून आदळायचा. दणकट काम, पुरुषांचं, आणि कोरड्या दिवशीच करायचं, कारण हवेत ओल असली की काष्ठाचा भुसा झडतच नाही. त्यानंतर फळीवर जुडी धरून लाकडी पात्याने उभं झोडणं, तेही पुरुषाचं.

इथे माल हात बदलतो. झोडलेली जुडी घरात येते आणि खिळ्यांच्या फणीवर बाई बसते. आधी विरळ खिळ्यांची फणी, मग दाट. हातात उरतो तो लांब, चकचकीत धागा. फणीत अडकतो तो आखूड गुंता. लांब धाग्याचे सदरे आणि चादरी, गुंत्याची पोती आणि कामावरच्या विजारी. कताई पायाने चालवायच्या छोट्या चरख्यावर, बोटं सतत ओली ठेवून. कोरडं कातलं तर सूत केसाळ होतं. सूत राखेच्या पाण्यात उकळायचं, विणलेलं कापड हिरवळीवर अंथरून आठवडे-आठवडे पाणी शिंपडत उन्हात पांढरं करायचं.

बी पेरल्यापासून सदरा अंगात येईपर्यंत वर्ष ते सव्वा वर्ष सहज. यातला कुठला भाग "शेत" आणि कुठला "घर" ते सांगा.

करकोचा

मस्त धागा, आणि तोही भिजवून कातलेला! लोकरीचं मी लिहितो.

मेंढ्या ओढ्यात धुणं आणि कातरणं पुरुषांचं, साधारण मेअखेर ते जून. त्यापुढे बहुतेक सगळं बायकांकडे: काटेकुटे वेचणं, थोडी चरबी चोळणं, हातातल्या दोन तारेच्या ब्रशांवर पिंजून पेळू करणं. पिंजायला लहान पोरं बसवत, मुलगेसुद्धा. लोकरीचा चरखा वेगळा: चाक माणसाच्या छातीपर्यंत, पायटा नाही. उजव्या हाताने चाकाला रेटा द्यायचा, डाव्या हातात पेळू धरून मागे मागे चालत जायचं, पीळ भरला की पुढे येत सूत चातीवर गुंडाळायचं. कातणारी दिवसभर उभी आणि चालती.

मोजमाप पक्कं असे. फाळक्याचा (सूत गुंडाळायच्या चौकटीचा) एक वेढा २ यार्डांचा. ४० वेढे झाले की लाकडी पट्टी टक्कन वाजते, ती ८० यार्डांची एक गाठ. अशा ७ गाठींची एक लड, म्हणजे ५६० यार्ड. आता हिशेब करा. ३६ इंच पन्ना, इंचाला २४ ताणे (उभे धागे) आणि २४ बाणे (आडवे) असं मध्यम कापड धरलं, तर एक यार्ड कापडाला ८६४ यार्ड ताणा आणि तेवढाच बाणा. एकूण १,७२८ यार्ड, म्हणजे तीन लडींहून थोडं जास्त. मागावरची नासाडी वेगळीच. दहा यार्ड कापडाला एकतीस लडी!

म्हणून एक विणकरीण कामात ठेवायला अनेक कातणाऱ्या लागत आणि घरातल्या मुली पुरत नसत. शेजारच्या मुली आठ-पंधरा दिवस कताईला राहायला येत.

विणकाम मात्र आधी पुरुषांचा धंदा होता. इंग्लंडहून आलेली पद्धत तीच: शिकाऊ उमेदवारी करून झालेला विणकर. १८व्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये हा माग हळूहळू घरात आणि बायकांच्या हातात आला. पेनसिल्व्हेनियात तो पुरुष विणकराकडेच राहिला. म्हणजे "हे बाईचं काम" हा नियम दोन-तीनशे मैलांवर बदलत होता.

खडीसाखर

दोन शंका. एक, बायका शेतात जातच नव्हत्या का? दोन, दूध कोण काढी?

टकळी

@खडीसाखर, जात होत्या, फक्त त्याचा गाजावाजा करत नसत. गवत वाळत पडलंय आणि पश्चिमेला ढग जमलेत, अशा वेळी दाताळं घेऊन सगळं घर बाहेर पडे. पण गवत कापणारा लांब दांड्याचा विळा बाईच्या हाती क्वचितच. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांत बायका हंगामात सरळ शेतात उतरत. डॉ. बेंजामिन रश यांनी १७८९ मध्ये तिथल्या जर्मनांवर लिहिताना याची मुद्दाम नोंद केली आहे. इंग्रजी वळणाच्या लोकांना ते नवलाचं वाटे.

दूध काढणं इंग्रजी वळणाच्या घरांत बहुतेक बायकांकडे. १९व्या शतकात दुभत्याचा धंदा मोठा होत गेला तसं ते पुरुषांकडे सरकत गेलं. काम तेच, गाय तीच, पैसा वाढला की हात बदलला.

विरजण

दुभत्याचा विषय निघालाच आहे तर चीजचं सविस्तर लिहिते. घरच्या बाईचं कसब जोखायचं तर चीजवर, आणि चुकायच्या जागाही इथेच सगळ्यात जास्त.

हंगाम मे ते सप्टेंबर, गायी हिरव्या गवतावर असताना. रात्रीचं दूध उथळ भांड्यात गार ठेवायचं, सकाळच्या ताज्या दुधात मिसळायचं आणि अंगाला कोमट लागेल इतपत ऊन करायचं. दूध गोठवायला वासराच्या पोटाची पिशवी. दूधपिते वासरू कापलं की पोट धुऊन, मीठ लावून, ताणून वाळवत, आणि लागेल तसा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवून ते पाणी वापरत. अडचण अशी की प्रत्येक पिशवीचा जोर वेगळा. कमी पडलं तर दूध नुसतं लिबलिबीत, जास्त पडलं तर चीज कडवट आणि रबरासारखं. त्यामुळे नवी पिशवी काढली की पहिलं चीज छोटं करायचं.

पाऊण-एक तासात गोठतं. मग सुरीने हलकेच चौकटी पाडायच्या. इथे घाई करणाऱ्या बाईचं नुकसान ठरलेलं: चोथा (गोठलेलं दूध) जोरात मोडला तर स्निग्धांश निवळीत, म्हणजे सुटलेल्या पाण्यात, उतरतो. निवळी हिरवट-पारदर्शक दिसली तर काम बरोबर, दुधाळ दिसली तर तुमचं लोणी डुकरांच्या पोटात चाललंय. मग चोथा किंचित तापवणं, निथळणं, मीठ घालून मळणं, फडक्यात गुंडाळून लाकडी कड्यात घालणं आणि दाबयंत्राखाली. काही तासांनी काढून, फडकं बदलून, उलटून पुन्हा दाब. साधारण १० पौंड दुधाला १ पौंड चीज.

एवढ्यावर सुटका नाही. फळीवर ठेवलेलं प्रत्येक चीज उन्हाळाभर रोज उलटायचं आणि लोणी चोळून पुसायचं. साल तडकली की माशी त्या भेगेत अंडी घालते आणि टुणटुण उड्या मारणाऱ्या अळ्या होतात. दहा-वीस पौंडांची चाळीस चीजं रोज उलटणं म्हणजे काय व्यायाम आहे तो करून बघा. आतून फुगलेलं आणि भोकं पडलेलं चीज दिसलं की समजायचं: भांडी उकळत्या पाण्याने नीट धुतली नव्हती.

लोण्याचंही तसंच. साय ६० ते ६२ अंश फॅरनहाइटच्या आसपास हवी. गरम असली तर लोणी लवकर पण पांढुरकं आणि तुपट. गार असली तर दुपारपर्यंत रवी ढवळत बसा. ताक पूर्ण निथळून, धुऊन काढलं नाही तर मीठ कितीही घाला, महिन्यात खवट.

याच कामाचा जगजाहीर नमुना: मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावाने अध्यक्ष जेफरसन यांना पाठवलेलं १,२३५ पौंडांचं चीज. १ जानेवारी १८०२ ला ते पोचतं केलं. एवढं मोठं कडं घरात कुठलं, म्हणून सफरचंदाचा रस काढायचं दाबयंत्र वापरलं. गावभरच्या घरांतून आलेला चोथा होता तो, त्या त्या घरच्या बायकांनी गोठवलेला. इतिहासात नाव राहिलं धर्मोपदेशक जॉन लीलंड यांचं.

वाटसरू

बायकांच्या कष्टांचं सगळं मान्य, पण तराजूचं दुसरं पारडंही बघा राव.

जळण. उघड्या चुलाणांचं घर वर्षाला ३० ते ४० कॉर्ड लाकूड खाई. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट बाय ४ फूट बाय ८ फुटांची रास, १२८ घनफूट. झाडं हिवाळ्यात पाडायची, कारण बर्फावरून बैलांच्या घसरगाडीने ओंडका ओढता येतो. बर्फ वितळलं की तोच ओंडका चिखलात रुततो. मग तुकडे करणं, फोडणं, रचणं, वर्षभर वाळवणं. ओलं लाकूड चुलीत गेलं तर धूर आणि धुराड्यात चिकट काजळी, पुढे धुराड्याला आग.

गवत. जुलै-ऑगस्ट. चांगला कापणारा दिवसाला एकरभर. पहाटे दव असतानाच सुरुवात, कारण ओलं गवत पात्याखाली उभं राहतं, सुकलेलं वाकून सटकतं. पातं दर काही मिनिटांनी दगडावर परजायचं, आणि आदल्या संध्याकाळी सहाणेवर धार. सहाण फिरवायला पोरगा. पुरतं न वाळलेलं गवत कोठारात भरलं तर आतून तापतं, बुरशी येते आणि कधी कधी आपोआप पेटतं. कोठार गेलं की हिवाळ्यात गुरं गेली.

यात "घर चालवणं" कोणाचं, हा प्रश्नच फिजूल वाटतो.

विरजण

@वाटसरू, फिजूल कशाने? तुमच्याच जळणाचं टोक माझ्या भट्टीत येतं. विटांच्या भट्टीला ओंडका चालत नाही, बारीक चिरलेलं खडखडीत वाळलेलं लाकूड लागतं. दीड-दोन तास आत जाळ करायचा; छताची काजळी जळून विटा पुन्हा उजळ दिसल्या की निखारे बाहेर ओढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा. ताप कसा मोजायचा? चिमूटभर पीठ आत टाकायचं: लगेच काळं पडलं तर थांबा, हळू तांबूस झालं तर घाला. नाहीतर हात आत धरून आकडे मोजायचे. मग ताप उतरत जातो त्या क्रमाने पदार्थ. पाव मागे, पाय (सारण भरलेले भाजके 'pie') पुढे, आणि वाटाण्या-घेवड्याचं मडकं रात्रभर.

पावही गव्हाचा क्वचित. न्यू इंग्लंडच्या गव्हाला तांबेरा लागे, म्हणून राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि मक्याच्या पिठाचा जड, तपकिरी पाव. तांबेरा बारबेरीच्या झुडपावरून पसरतो हे शेतकऱ्यांनी नुसत्या निरीक्षणाने ओळखलं होतं. कनेक्टिकटने १७२६ मध्येच ती झुडपं उपटायचा कायदा केला.

आणि वजनाची गोष्ट करायची तर सोमवारचं धुणं. भिजवणं, उकळणं, खळबळणं मिळून पन्नासेक गॅलन पाणी, म्हणजे १९० किलोच्या आसपास, विहिरीवरून हाताने. उकळायला जळण परत तेच.

जुनं_जातं

राख राहिली की! चुलीतून निघालेली राख म्हणजे नगद माल होता.

ओक, मेपल, बीच अशा कठीण लाकडाची राख हवी. पाइनच्या राखेत क्षार फारसा नसतो. राख कोरडी साठवायची. पावसात भिजली की क्षार आधीच वाहून जातो आणि उरते ती माती. तळाला भोकं असलेल्या पिंपात गवताचा थर, वर राख दाबून, वरून थोडं थोडं पाणी. खाली तपकिरी क्षारपाणी ठिबकतं. त्यात ताजं अंडं सोडायचं. बुडालं तर पाणी कच्चं, पुन्हा राखेतून घाला. नाण्याएवढी टोपी वर ठेवून तरंगलं की बरोबर. आडवं पडून तरंगलं तर फार कडक, पाणी वाढवा.

मग वसंतात, उघड्यावर, लोखंडी कढईत क्षारपाणी आणि हिवाळाभर साठवलेली चरबी. साधारण ६ बुशेल (धान्य मोजायचं मोठं माप) राख आणि २४ पौंड चरबी यांतून एक पिंप साबण. हा साबण घट्ट होत नाही, खळीसारखा राहतो, कारण राखेतला क्षार पोटॅशचा आहे. वडी हवी असेल तर शेवटी मीठ घालायचं, आणि मीठ विकतचं, म्हणून रोजच्या वापराला मऊच. चरबीत मांसाचे धागे राहिले तर साबण कुजका वास मारतो. क्षारपाणी कच्चं असलं तर चरबी वर तरंगत राहते आणि "साबण लागलाच नाही" असं होतं.

आता गंमत बघा. साबणाची राख बाईची. पण तीच राख गोळा करून भट्टीवर आटवली की पोटॅश, आणखी भाजली की पर्लॅश. तो धंदा पुरुषांचा, कारण त्याला बाजार होता, काच आणि कापड उद्योगात मागणी होती. अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०, सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालं ते पोटॅश आणि पर्लॅश करण्याच्या सुधारित पद्धतीसाठीच. आणि पर्लॅश फिरून बाईकडे आलं: खायच्या सोड्याच्या आधी केक फुगवायला तेच घालत.

वहीखातं

कष्ट सारखे होते की नव्हते यावर इथे शंभर प्रतिसाद पडतील. मला त्यापेक्षा हिशेब कोणाच्या नावावर लिहिला जाई ते महत्त्वाचं वाटतं.

खेड्यात रोकड कमी. सगळं वहीवर: बैलजोडी दिली, कताई केली, चीज दिलं, दोन-चार वर्षांनी बेरीज-वजाबाकी. वही पुरुषाची. बायकोने शेजाऱ्याकडे कातलेल्या लडी जमा होत नवऱ्याच्या खात्यावर. ही नुसती रीत नव्हती, कायदा होता: लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची, आणि तिच्या नावाने करार नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे यायला मिसिसिपीत १८३९, न्यूयॉर्कमध्ये १८४८ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ उजाडलं.

विधवेला स्थावरातला एक-तृतीयांश, तोही हयातीपुरता. विकायचा हक्क नाही. मृत्युपत्रं वाचली तर कामाची वाटणी अगदी उघडी पडते. तिला पूर्वेकडची खोली, स्वयंपाकघरातून जायची-यायची वाट, भट्टी आणि विहीर वापरायचा हक्क, एका गायीचा चारा, इतके बुशेल धान्य, आणि मुलाने दरसाल इतके कॉर्ड लाकूड "चुलीजोगं तोडून दारात" आणून द्यायचं. हे शेवटचं कलम का? कारण चाळीस वर्षं जे काम नवऱ्याने केलं ते आता कोणी करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हीच गोष्ट मेनमधल्या हॅलोवेलच्या मार्था बॅलर्ड यांच्या रोजनिशीत दिसते. केनेबेक नदीकाठची ही सुईण. १७८५ ते १८१२ रोज लिहीत होती, ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. फी कोणाकडून आली, कोणाकडे थकली, हेही आहे. मिळकतीत नाणी कमी आणि धान्य, कापड, मालच जास्त. घरात माग, त्यावर मुली आणि मदतनीस पोरी; त्या होत्या म्हणून ही रात्री-अपरात्री होडीतून किंवा घोड्यावरून बाळंतिणीकडे जाऊ शके. मुली लग्न होऊन गेल्यावर तिच्या नोंदींत थकवा वाढलेला दिसतो. नवरा एफ्रेम मोजणीदार आणि सॉमिलवाला. १८०४ मध्ये तो करवसुलीच्या बाकीपायी कर्जदारांच्या तुरुंगात गेला, आणि हिची पहिली अडचण काय? जळण. स्वयंपाक, धुणं, विणणं, बाळंतपणं सगळं जमणारी बाई लाकडासाठी मुलाच्या तोंडाकडे बघत बसली.

नवरा गैरहजर असला की त्याच्या जागी उभं राहणं मात्र समाजाला चालत असे. ॲबिगेल ॲडम्स यांनी १७७४ पासून नवरा, म्हणजे पुढे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स, फिलाडेल्फियात आणि युरोपात असताना ब्रेनट्रीची शेती सांभाळली: कुळं नेमणं, युद्धामुळे मजूर मिळेनात तेव्हा माणसं शोधणं, कर भरणं, सरकारी रोखे घेणं. कायद्याने मालकी नवऱ्याची असूनही १८१६ मध्ये त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं.

मक्याचं_कणीस

सगळा धागा इंग्रजांपासून सुरू झालाय. पण "अमेरिकेतलं जुनं खेडं" म्हटलं तर त्यांच्या आधीची खेडी होतीच, आणि तिथे कामाची रेघ साफ वेगळीकडून जायची.

होडेनोशोनी, म्हणजे फ्रेंचांनी ज्यांना इरोक्वॉय म्हटलं ते, आजच्या न्यूयॉर्क राज्यातले. जंगल तोडून शेत काढणं, शिकार, मासेमारी, लढाई, वाटाघाटी पुरुषांचं. शेती बायकांची, आणि पीक, बी-बियाणं, लांबघर (अनेक कुटुंबांचं एकत्र लांब घर) हेही बायकांचं. लग्न झालं की नवरा बायकोच्या लांबघरात राहायला येई. कुळाची ज्येष्ठ बाई सरदार नेमी आणि पदावरून उतरवीही. धान्याची चावी तिच्याकडे, म्हणजे लढाईच्या शिधोरीवरही तिचा शब्द.

लागवड ओळींत नाही, उंचवट्यांत. तीन-चार फुटांवर मातीचा ढीग, त्यात भिजवलेले चार-पाच मक्याचे दाणे. मका हातभर झाला की त्याच ढिगात घेवडा, मधल्या जागेत भोपळा. घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून तण आणि ऊन दोन्ही अडवतात. घेवडा मक्यासोबतच पेरला तर कोवळ्या मक्याला गुंडाळून लोळवतो. काम सगळ्या बायका मिळून, एका मुख्य बाईच्या देखरेखीखाली, शेतामागून शेत.

@जुनं_जातं, तुमची राख इथेही आहे. मका चाळलेल्या राखेच्या पाण्यात टरफल सुटेपर्यंत उकळत, मग खास विणीच्या टोपलीत चोळून तीन-चार पाण्यांनी धूत. कमी उकळला तर टरफल दाताला लागतं, फार झाला तर दाणा पिठूळ होतो, धुण्यात कसूर केली तर राखट चव. नंतर उभ्या लाकडी उखळात दोन्ही टोकांनी कांडता येणाऱ्या लांब मुसळाने दोघी-तिघी आळीपाळीने कांडत. क्षाराने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ही पायरी गाळून नुसत्या मक्यावर जगणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेत पुढे २०व्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, माणसं मेली.

१७७९ मध्ये अमेरिकी जनरल सलिव्हनच्या फौजेने या लोकांची चाळीसएक गावं आणि उभी शेतं जाळली. सैनिकांच्या रोजनिशा त्या मक्याच्या उंचीने आणि फळबागांनी चकित झालेल्या आहेत. पुढे १७९८ मध्ये फिलाडेल्फियाचे क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) सेनेका या होडेनोशोनींतल्याच लोकांत आले. पुरुषांनी नांगर धरावा, बायकांनी चरखा, असा त्यांचा आग्रह. सेनेकांनी ऐकून घेतलं आणि १८०१ च्या सुमारास चक्क चाचणी घेतली: एकाच मोठ्या शेतात काही पट्टे नांगरले, मधले बायकांनी कुदळीने केले. नांगराच्या पट्ट्यात पीक जास्त आलं. नांगर आला, आणि त्यासोबत शेतावरचा बायकांचा ताबा सुटायला सुरुवात झाली.

लहानपणी पकडली जाऊन सेनेकांतच आयुष्य काढलेल्या मेरी जेमिसन यांनी म्हातारपणी, १८२४ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या हकिकतीत, सांगितलं की तिथल्या बायकांचं काम गोऱ्या बायकांपेक्षा जड नव्हतं.

करकोचा

वरच्या प्रतिसादाला कडक सलाम.

एक भर. न्यू इंग्लंडमध्येही "घरची बाई" राबायची तेव्हा तिच्या शेजारी कधी कधी गुलाम बाई राबत असे, हे विसरायला नको. मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्डमध्ये ॲशली कुटुंबाच्या घरातली बेट. मालकिणीने रागात उगारलेला चुलीतला तापलेला फावडा तिने दुसरीवर पडू नये म्हणून हातावर झेलला, अशी हकिकत आहे. १७८१ मध्ये राज्याच्या नव्या घटनेचा आधार घेऊन तिने ब्रॉम या गुलाम पुरुषासोबत खटला भरला, जिंकला आणि एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. व्हर्जिनियाने तर १६४३ मध्येच आफ्रिकी बायकांना करपात्र मजुरांत मोजलं. गोऱ्या बायकांना नाही. "बाईने शेतात राबू नये" हा संकेत कोणत्या बाईपुरता होता ते त्या करावरून कळतं.

खडीसाखर

मग हे सगळं मोडलं कधी? गिरण्या आल्या आणि एकदम बंद पडलं का?

टकळी

एकदम नाही, पायरी-पायरीने, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या पायऱ्यांवरचा भार वाढवून.

आधी पिंजण गेलं. स्कोफिल्ड बंधूंनी १७९० च्या दशकात पाण्यावर चालणारी लोकर पिंजायची यंत्रं आणली आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत ओढ्याओढ्याला अशी गिरणी झाली. लोकर नेऊन द्यायची, पेळू घेऊन यायचं. वाटतं की काम हलकं झालं. प्रत्यक्षात पिंजणाऱ्या पोरांची सुटका झाली आणि कातणारीपुढे पेळूंचा ढीग वाढला. १८०७ च्या व्यापारबंदीने इंग्लंडचं कापड थांबल्यावर तर घरच्या कापडाला आणखी ऊत आला.

मग सुती सूत. सॅम्युअल स्लेटर यांनी १७९० मध्ये पॉटकेटला यंत्रावर सूत काढलं, पण ते विणायचं कोणी? गिरण्या सूत गावोगावच्या बायकांना विणायला देत. १८१४ मध्ये वॉल्थमला यंत्रमाग आला आणि तेही काम काही वर्षांत आटलं. मग गवताच्या काडीच्या वेण्या, ताडपानाच्या टोप्या. दुकानदार पानं उधारीवर देई, बाई टोपी विणून परत देई, बदल्यात चहा, साखर, छापील कापड. चरखा माळ्यावर गेला, हात रिकामे झाले नाहीत.

वाटसरू

आणि मुली लॉवेलला, मॅसॅच्युसेट्समधल्या कापडगिरण्यांच्या गावी, गेल्या.

वहीखातं

गेल्या, आणि पहिल्यांदा हिशेब त्यांच्या स्वतःच्या नावावर लागला. रोख पगार, त्यातून खाणावळीचे आठवड्याला सव्वा डॉलरच्या आसपास कापून. १८३४ मध्ये मजुरी कापायची घोषणा झाली तेव्हा आठशेच्या आसपास मुली काम टाकून बाहेर पडल्या. १८३६ मध्ये खाणावळीचा दर वाढवला तेव्हा त्याहून जास्त. अल्पवयीन मुलीच्या कमाईवर कायद्याने बापाचाच हक्क होता, पण गिरणी तीस-चाळीस मैलांवर आणि पाकीट मुलीच्या हातात.

दुसरी वाट शाळेची. खेड्यातल्या शाळेचा उन्हाळी वर्ग बाई घेई, कारण मोठे मुलगे शेतावर असत; हिवाळी वर्ग पुरुष मास्तर घेई. बाईंचा पगार मास्तरच्या निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी. या शाळामास्तरणींपैकी न्यू हॅम्पशायरच्या मार्लबरोची सिंथिया फरार डिसेंबर १८२७ मध्ये मुंबईला उतरली. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने परदेशी पाठवलेली ती पहिली अविवाहित गोरी बाई. आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायच्या आधी नगरची मिस फरार यांची शाळा पाहिली होती, ती हीच.

खडीसाखर

हे माहीत नव्हतं! शेवटचा प्रश्न: जवसाची काडी दवावर कुजवताना पाऊस लागला तर?

टकळी

हलका पाऊस चालतो, उलट बरा. झड लागली तर खालची बाजू आधी काळी पडते, म्हणून उलटायचा दिवस अलीकडे घ्या आणि रोज दोन-चार काड्या मोडून बघा. धागा सुटायला लागला की वाट न बघता उचला, जुड्या उभ्या टेकवून वाळवा. काळा डाग पडलेला भाग वेगळा ठेवा, त्याचं गुंत्याचं सूत होतं. चांगल्यात मिसळला तर पूर्ण लड तिथेच तुटते.